बाबांना ‘ही’ म्हणायचं की ‘दे’? इंग्रजी सर्वनामांबद्दल नेहमी येणारे प्रश्न

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात घरच्या छपरीत इंग्रजीची शिकवणी घेते. संध्याकाळी आठवी ते दहावीची पोरं असतात अन् आठ वाजल्यानंतर तलाठी, ग्रामसेवक, बँक असल्या परीक्षांच्या मागं लागलेले मोठे पोट्टे-पोट्टी. कापूस वेचणीच्या दिवसात अर्धी छपरी रिकामी राहते, मग ज्यांचा क्लास बुडला ते रात्री व्हॉट्सॲपवर विचारत बसतात, अन् प्रश्न दरवर्षी तेच ते, फक्त विचारणारं पोरगं बदलते. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलं. इंग्रजी वाक्यं पण देवनागरीतच टाकली कारण फोनवर सारखा कीबोर्ड बदलायचं जिवावर येते. त्यात एक गंमत होते. इंग्रजीतला ‘ही’ पुरुष अन् आपल्याकडची ‘ही’ बाई, ‘शी’ लिहिलं की लहान पोरं नाक दाबून हसतात, अन् ‘दे’ म्हणजे तर सरळ मागणंच. आधी हसून घ्या, मग वाचा.

अँटिसिडंट म्हणजे नेमकं काय असते?

सर्वनाम ज्या नामाबद्दल बोलते ते नाम म्हणजे अँटिसिडंट. शब्द लॅटिनमधून आलेला, अर्थ ‘आधी जाणारा’. ‘सुनीता लॉस्ट हर स्लिपर’ यात ‘हर’ कोणाचं, तर सुनीताचं, म्हणजे सुनीता अँटिसिडंट. बैल पुढं अन् बंडी मागं, तसं नाम पुढं अन् सर्वनाम मागं. कधीकधी उलटं पण होते, ‘व्हेन शी रीच्ड होम, सुनीता फाउंड द डोअर लॉक्ड’, यात ‘शी’ आधी आली अन् सुनीता नंतर, तरी वाक्य चुकलं नाही.

जुळवायच्या गोष्टी तीन, वचन, लिंग अन् पुरुष. विभक्ती जुळवायची नसते, अन् इथं चांगले चांगले फसतात. ‘आय कॉल्ड रमेश बट ही डिड नॉट कम’ यात रमेश कर्म आहे, मला हाक मारायची होती त्याला, तरी पुढं ‘हिम’ येत नाही, ‘ही’ येते, कारण न येण्याचं काम तोच करून राहिला ना. कोणाबद्दल बोलायचं ते नाम ठरवते, पण ‘ही’ की ‘हिम’ ते सर्वनामाचं त्याच्या जागेवरचं काम ठरवते.

‘माय फादर इज अ फार्मर. दे गो टू द फील्ड ॲट सिक्स.’ मॅडम, याला लाल गोल कामून केला?

हा प्रश्न सगळ्यांचा राजा. माझ्याकडं जेवढ्या वह्या येतात त्यात सगळ्यात जास्त लाल शाई इथंच जाते, अन् पोराची चूक म्हणावं तर तसं पण नाही. मराठीत आपण ‘माझे बाबा शेतकरी आहेत, ते सहा वाजता वावरात जातात’ असंच म्हणतो, बाबा एकच पण सर्वनाम अनेकवचनी, क्रियापद पण अनेकवचनी, यालाच आदरार्थी बहुवचन म्हणतात. पोरगं मनातल्या मनात ‘ते’ उचलते, ‘ते’ म्हणजे ‘दे’, झालं. आता त्याच पोराचा आईवरचा निबंध काढून पाहा. ‘माय मदर... शी’ एकदम बरोबर, कारण आईला आपण ‘ती’च म्हणतो, माय आली, ती वावरात गेली. म्हणजे पोराला इंग्रजी येते, फक्त बाबांपाशी पोचलं की आदर मधात येते.

इंग्रजीच्या ‘ही’ मध्ये आदर नाही अन् अनादरही नाही. माणूस एक आहे अन् पुरुष आहे, एवढंच तो सांगते. आठवीतला एक पोरगा मला म्हणे, “मॅडम, बाबाले ‘ही’ कसं म्हणू, ते वाचतीन तर मारतीन.” त्याच्या डोक्यात ‘ही’ म्हणजे ‘तो’, अन् बापाला ‘तो’ म्हणणं म्हणजे अरे-तुरे. मी म्हटलं, बाप्पा, आदर द्यायचा असेल तर ‘आय रिस्पेक्ट हिम’ असं अख्खं वाक्य लिही, सर्वनामाच्या खांद्यावर ते ओझं टाकू नको.

मोठ्या माणसांवरच्या निबंधात तर विचारू नका. ‘गाडगेबाबा वॉज बॉर्न इन 1876 ॲट शेंडगाव. दे क्लीन्ड मेनी व्हिलेजेस.’ म्हणजे शेंडगावात बाबा एकच जन्मले अन् झाडू हातात घ्यायच्या वेळी चार झाले. ‘ही क्लीन्ड’ पाहिजे. बाबासाहेब, शिवाजी महाराज, आपले हेडमास्तर, सरपंच, कोणीही असो, एक पुरुष तर ‘ही’. देवासाठी काही लोक ‘ही’चं पहिलं अक्षर कॅपिटल लिहितात, तेवढीच काय ती सवलत.

मग एकाच माणसाला पण ‘यू आर’ कामून, ‘यू इज’ कामून नाही?

इथं इंग्रजीनं कधीकाळी आपल्यासारखंच केलं होतं. पूर्वी एकट्याला ‘दाऊ’ म्हणत अन् अनेकांना ‘यी’ किंवा ‘यू’. मग फ्रेंचांचं पाहून मोठ्या माणसाला, तो एकटा असला तरी, ‘यू’ म्हणायची रीत पडली, म्हणजे सरळ आपलं तू अन् तुम्ही. पुढं जो तो सगळ्यांनाच ‘यू’ म्हणायला लागला, सतराव्या शतकानंतर ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेला, अन् ‘यू’ उरला तो आपलं अनेकवचनी क्रियापद सोबत घेऊनच. वर्गात मी सांगते की इंग्रज माणूस कुत्र्याला पण ‘तुम्ही’ म्हणते, तेव्हापासून ‘यू इज’ कोणी लिहीत नाही. एक जागा मात्र अशी आहे जिथं ‘यू’चं वचन उघडं पडते. एकट्याला ‘युवरसेल्फ’ अन् अनेकांना ‘युवरसेल्व्हज’.

तूर ती, हरभरा तो, सोयाबीन ते. इंग्रजीत पण शी, ही, इट असं का नाही?

कारण इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंगच नाही, तिन्ही पिकांना ‘इट’, अनेक वस्तू असल्या तर ‘दे’. जनावरांचं थोडं ढिलं आहे, घरच्या गाईला ‘शी’ अन् बैलाला ‘ही’ म्हटलं तर मस्त चालते, रस्त्यावरच्या अनोळखी ढोराला ‘इट’. तान्ह्या लेकराला पण इंग्रजीत ‘इट’ म्हणतात कधीकधी, पण ते ज्यांचं लेकरू आहे त्यांच्यासमोर म्हणू नका.

आपली शकुंतला घ्या, यवतमाळ ते मूर्तिजापूर दारव्ह्यावरून जायची ती नॅरोगेज रेल्वे. आमची आजी तिच्याबद्दल अजूनही माहेरवाशिणीबद्दल बोलावं तशी बोलते, ती अशी यायची, ती तशी थांबायची. इंग्रजीत लिहायचं तर ‘इट केम स्लोली’. इंग्रज लोक जहाजाला ‘शी’ म्हणायचे, देशाला पण म्हणायचे, ते जुन्या धड्यात अजून भेटते. पण लंडनचं ‘लॉइड्स लिस्ट’, अठराव्या शतकापासून जहाजांच्या बातम्या देणारं पत्र, त्यानंसुद्धा 2002 मध्ये जहाजांना ‘शी’ म्हणायचं सोडून ‘इट’ म्हणायचं ठरवलं. तुम्ही ‘इट’च लिहा.

‘सीता लव्ज हिज ब्रदर’ हे मराठी पोरांकडून कसं काय होते?

याचा आळ मराठीवर घालू नका. मराठीत ‘तिचा भाऊ’. यातलं ‘ति’ सीतेकडं पाहते अन् ‘चा’ भावाकडं. दोघांचीही खबर ठेवते. हिंदीत ‘उसका भाई’ म्हटलं की फक्त भाऊ दिसते, मालक बाई की पुरुष त्याचा पत्ताच नाही. अन् आपण विदर्भातले लोक बाजारात हिंदी, टीव्हीवर हिंदी, मोबाईलवर हिंदी, त्यामुळं पोराच्या डोक्यात ‘उसका’ वाजते अन् तो ‘का’ पाहून ‘हिज’ ठेवून देते. इंग्रजीत फक्त मालक पाहायचा. सातबारा कोणाच्या नावावर आहे ते पाहा, वावरात काय पेरलं ते पाहू नका. सीतेच्या नावावर तर ‘हर’, मग पुढं भाऊ असो, बहीण असो की बंडी.

‘रमेश टोल्ड सुरेश दॅट हिज बुलक वॉज सिक.’ बैल कोणाचा?

ते रमेशलाच विचारावं लागते. इथं वचन जुळलं, लिंग जुळलं, तरी वाक्य फसलं, कारण ‘हिज’वर दोघांचा दावा आहे. मराठीत आपल्याजवळ ‘आपला’ नावाचा लय कामाचा शब्द आहे. ‘रमेशनं आपला बैल विकला’ म्हटलं तर बैल रमेशचाच, अन् ‘रमेशनं त्याचा बैल विकला’ म्हटलं की ऐकणारा थोडा थांबते, कोणाचा विकला बापा यानं? इंग्रजीत दोन्हीकडं ‘हिज’. फार झालं तर ‘हिज ओन’. उपाय दोनच, नाव परत लिहा किंवा बोलणं जसंच्या तसं द्या, रमेश सेड टू सुरेश, “युवर बुलक इज सिक.” नाव परत लिहिलं तर वाक्य बावळट दिसते असं पोरांना वाटते. दिसू द्या. बैल तर बरोबर घरी जाईल.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे हवेतलं ‘दे’. ‘इन अवर व्हिलेज दे कट द पॉवर ॲट नाइट.’ दे म्हणजे कोण? बोलताना आपण पण ‘रात्रीची लाइन घालवतात’ म्हणतो अन् कोण ते सगळ्यांना माहीत असते, पण पेपरात करणाऱ्याचं नाव लिहावं लागते नाहीतर वाक्य ‘द पॉवर इज कट’ असं फिरवावं लागते. अन् ‘विच’चं पण तसंच, ‘द मोटर बर्न्ट अँड द पाइप ब्रोक, विच मेड बाबा अँग्री’, बाबा मोटरीवर चिडले की पाइपवर की दोन्हीवर? आमच्या घरी तर दोन्हीवर चिडतात.

कॉम्प्युटरवाल्यांना पण यानं घाम फोडला होता. टेरी विनोग्राड नावाच्या संशोधकाचं 1972 सालचं एक वाक्य प्रसिद्ध आहे, नगरसेवकांनी मोर्चेवाल्यांना परवानगी नाकारली ‘बिकॉज दे फीअर्ड व्हायोलन्स’. इथं ‘दे’ कोण, तर नगरसेवक, हिंसेची भीती त्यांना. आता ‘फीअर्ड’ काढून ‘ॲडव्होकेटेड’ ठेवा, म्हणजे हिंसा करा असं सांगणारे, अन् ‘दे’ लगेच उडी मारून मोर्चेवाल्यांवर जाऊन बसते. व्याकरण तेच्या तेच, एक शब्द बदलला. पुढं मशीनला अक्कल किती ते तपासायला असल्या वाक्यांची परीक्षाच काढली लोकांनी. म्हणून नुसते नियम पाठ करून भागत नाही, अर्थ लावावा लागते.

‘एव्हरीवन’ म्हणजे सगळे, मग त्याला ‘हिज’ कसं काय? ‘देअर’ पाहिजे ना?

जरा बूड टेकून वाचा, इथं नियमापेक्षा भांडण मोठं आहे.

‘एव्हरीवन’ अर्थानं सगळे, पण व्याकरणानं एकेक. आपलं ‘प्रत्येक जण’ पण तसंच आहे पाहा, प्रत्येक जण आला, ‘आले’ नाही. ‘एव्हरीवन इज’ म्हणतो म्हणून जुनं व्याकरण म्हणते की सर्वनाम पण एकवचनी ठेवा, ‘एव्हरीवन मस्ट ब्रिंग हिज हॉल तिकीट’. आता छपरीत समोर निम्म्याहून जास्त पोरी बसलेल्या असतात अन् मी त्यांना ‘हिज’ सांगायचं? मला स्वतःला ते कधीच बरोबर वाटलं नाही. मग ‘हिज ऑर हर’ आलं, बरोबर आहे, पण एका परिच्छेदात चार वेळा आलं की वाचताना दाताखाली खडा आल्यासारखं होते. अन् तिसरं ‘देअर’, जे इंग्रज माणूस बोलताना सर्रास वापरते.

लोकांना वाटते की एकट्यासाठी ‘दे’ म्हणजे आजकालचं फॅड. तसं नाही. चौदाव्या शतकातल्या लिखाणात ते भेटते. उलट सगळ्यांसाठी ‘ही’ चालवा हा नियमच नंतरचा. अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये ॲन फिशर नावाची शाळा चालवणारी बाई होती, तिच्या व्याकरणाच्या पुस्तकात आहे की पुल्लिंगी सर्वनामात बाई-पुरुष दोन्ही आले. म्हणजे हे एका बाईनंच लिहून ठेवलं, काय म्हणावं आता! कायद्यानं तर ते उचलूनच धरलं, आपल्या 1860 च्या दंड संहितेच्या कलम 8 मध्येच होतं की ‘ही’ हे सर्वनाम कोणत्याही व्यक्तीसाठी, पुरुष असो की स्त्री. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या व्याख्यांमध्ये पण ‘ही’ कायम आहे, फक्त पुरुष अन् स्त्रीसोबत ट्रान्सजेंडर हा शब्द आला. इकडं अमेरिकेत मेरियम-वेबस्टर या डिक्शनरीवाल्यांनी 2019 चा वर्षाचा शब्द म्हणून ‘दे’ निवडला, अन् मानसशास्त्रवाल्यांच्या एपीए या लेखन नियमावलीनं त्याच वर्षी एकट्यासाठीचं ‘दे’ मान्य केलं.

आता तुम्ही काय लिहायचं? परीक्षेत पर्याय पाहा. ‘हिज ऑर हर’ अन् ‘देअर’ दोन्ही समोर असतील तर ‘हिज ऑर हर’ धरा, नुसतं ‘हिज’ अन् ‘देअर’ असेल तर ‘हिज’ धरा, कारण स्पर्धा परीक्षांची पुस्तकं अजून जुन्याच नियमावर चालतात. मार्क महत्त्वाचे, भांडण नंतर करू. पण स्वतःचं पत्र, अर्ज, निबंध लिहिताना वाक्यच अनेकवचनी करून टाका, ‘ऑल स्टुडंट्स मस्ट ब्रिंग देअर हॉल तिकिट्स’, कोणाचंच काही म्हणणं राहत नाही. मी हेच करते.

म्हणजे एकट्यासाठी ‘दे’ चालते! मग माझं ‘माय फादर... दे’ बरोबरच होतं की!

हा डाव दरवर्षी कोणीतरी टाकतेच, अन् ज्यानं टाकला तो पोरगा हुशार असते. पण नाही. एकट्यासाठी ‘दे’ दोन ठिकाणी येते. एक, माणूस कोण ते माहीत नाही किंवा त्याचं काही घेणं-देणं नाही, ‘समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला’, छत्री बाईची की बुवाची काय माहीत. दुसरं, ज्या व्यक्तीला स्वतःसाठी ‘ही’ पण नको अन् ‘शी’ पण नको, ‘दे’ पाहिजे, तिथं तेच लिहायचं, माणसाला ज्या नावानं हाक मारलेली आवडते त्या नावानं मारावी तसं. तुझे बाबा यातल्या कशातच बसत नाहीत. आदर हे तिसरं कारण इंग्रजीत नाही. अन् हो, एकट्यासाठी आलं तरी क्रियापद ‘दे आर’च राहते, ‘यू आर’सारखं.

ईच, आयदर, नायदर, फ्यू, सम, नन... यादी द्या ना, पाठ करतो

पाठ केलेलं पेपरात आठवत नाही, तरी घ्या. ईच, आयदर, नायदर, वन, अन् बॉडी-वन-थिंग शेपटीचे सगळे, एव्हरीबडी, नोबडी, समवन, एनीथिंग, हे एकवचनी. बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल अनेकवचनी. सम, ऑल, मोस्ट, एनी, नन हे दलबदलू, ‘ऑफ’च्या पुढं काय आहे ते पाहून पक्ष ठरवतात. ‘सम ऑफ द मिल्क हॅज लॉस्ट इट्स टेस्ट’, दूध मोजता येत नाही म्हणून ‘इट्स’, ‘सम ऑफ द काऊज हॅव लॉस्ट देअर वे’, गाई मोजता येतात म्हणून ‘देअर’.

‘ईच’वाल्यांना मात्र ‘ऑफ’च्या पुढचं दाखवून फसवतात. ‘ईच ऑफ द गर्ल्स हॅज डन ___ वर्क’, पोरगं ‘गर्ल्स’ पाहते अन् ‘देअर’ ठोकते. उत्तर ‘हर’, वचन ‘ईच’कडून घ्यायचं अन् लिंग ‘गर्ल्स’कडून. ‘मेनी अ फार्मर हॅज लॉस्ट हिज क्रॉप’ हे पण पेपरवाल्यांचं लाडकं, शेतकरी गावभर पण व्याकरणात एकटा.

दोन नामं ‘अँड’नं जोडली तर ‘देअर’, ‘ऑर’नं जोडली तर?

‘अँड’नं जोडली तर बहुतेक ‘देअर’. फक्त आर्टिकल मोजा. ‘द सेक्रेटरी अँड ट्रेझरर रिझाइन्ड फ्रॉम हिज पोस्ट’, ‘द’ एकदाच, म्हणजे एकच माणूस दोन खुर्च्यांवर, गावात असतेच असं. ‘द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर’ म्हटलं की दोघं, मग ‘देअर’. अन् आधी ‘एव्हरी’ किंवा ‘ईच’ आलं तर ‘अँड’ असून पण एकवचनी, ‘एव्हरी काऊ अँड एव्हरी बफेलो हॅड इट्स ओन रोप’.

‘आयदर-ऑर’, ‘नायदर-नॉर’ मध्ये जे नाम सर्वनामाच्या जवळ त्याच्याशी जुळवा, ‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स फरगॉट देअर बुक्स’. अनेकवचनी नाम शेवटी ठेवलं की वाक्य पण बरं वाटते. ‘ॲज वेल ॲज’, ‘अलाँग विथ’ आले तर पहिला मालक, नंतरचे नुसते पाहुणे, ‘द सरपंच, अलाँग विथ द मेंबर्स, साइन्ड हिज नेम’. सरपंच बाई असेल तर ‘हर’, अन् सही खरंच तिनंच केली पाहिजे.

ग्रामपंचायत, टीम, बचत गट यांना ‘इट्स’ की ‘देअर’?

सगळे मिळून एक काम करत असतील तर ‘इट्स’, आपापसात फाटाफूट असेल तर ‘देअर’. ‘द कमिटी गेव्ह इट्स डिसिजन’ अन् ‘द कमिटी वेअर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स’. ब्रिटिश लोक टीमला सहज ‘दे’ म्हणतात, अमेरिकन लोक जास्त करून ‘इट’. तुम्ही कोणतंही घ्या, पण ‘द टीम हॅज वन देअर मॅच’ अशी खिचडी नको, ‘हॅज’ म्हटलं तर ‘इट्स’. आमच्या बचत गटाचं म्हणाल तर कर्ज घेताना ‘इट’ असते अन् हप्ता भरताना ‘दे’.

कात्री, चष्मा, फर्निचर, पोलीस?

सिझर्स, स्पेक्टॅकल्स, ट्राउझर्स एक नग असला तरी ‘दे’, ‘देम’. ‘अ पेअर ऑफ’ लावलं तर क्रियापद एकवचनी. फर्निचर, इन्फर्मेशन, न्यूज, लगेज हे कितीही असलं तरी ‘इट’. कॅटल, पोलीस, पीपल नेहमी ‘दे’, शेपटीला एस नसला तरी. पोलिसांवरून आठवलं, महाराष्ट्राच्या पोलीस शिपाई भरतीच्या लेखीत इंग्रजी नसते, तरी तुमच्यातले दोघं-तिघं इथं बसतात याचं मला कौतुक आहे.

‘वन शुड डू ___ ड्यूटी’, इथं ‘हिज’ की ‘वन्स’?

‘वन्स’. अमेरिकन लोक इथं ‘हिज’ लिहितात पण आपल्याकडं परीक्षेत ‘वन्स’च बरोबर धरतात. मात्र ‘वन ऑफ द बॉइज हॅज लॉस्ट ___ पेन’ इथं ‘हिज’, कारण हा ‘वन’ म्हणजे ‘माणसानं’ वाला नाही, मोजणीतला एक आहे.

‘यू अँड आय’ला ‘युवर’ की ‘अवर’?

ज्यात ‘मी’ आहे ते ‘आम्ही-आपण’, म्हणून ‘यू अँड आय मस्ट डू अवर वर्क’. मी नाही पण तू आहे, तर ‘युवर’. दोघंही नाही, तर ‘देअर’. मराठीत पण तू अन् मी ‘जाऊ’, तू अन् तो ‘जाल’, तो अन् ती ‘जातील’, कान आपोआप बरोबर सांगते. क्रम मात्र वेगळा, इंग्रजीत आधी तू मग तो अन् शेवटी मी, ‘यू, ही अँड आय’. चूक कबूल करायची असली की ‘मी’ पहिला, असं जुनी पुस्तकं सांगतात, ते मला आवडते.

‘हू’च्या पुढं ‘इज’ की ‘आर’?

‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ यांना स्वतःचं वचन नाही, मागं वळून पाहा. ‘ही इज वन ऑफ द फार्मर्स हू आर ग्रोइंग सोयाबीन’, पेरणारे अनेक, हा त्यातला एक, म्हणून ‘आर’. ‘द ओन्ली वन ऑफ द फार्मर्स हू इज’, पेरणारा एकटा, म्हणून ‘इज’. अन् ‘इट इज आय हू ॲम रिस्पॉन्सिबल’, कानाला कसंतरीच लागते, पण पेपरात ‘ॲम’च.

‘इट्स’ला वरचा टिंब, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, कधी?

‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असा फोड करता आला तर टिंब, मालकी असेल तर नाही. ‘हिज’, ‘हर्स’, ‘देअर्स’ला टिंब नाही मग यालाच कशाला. हा मालकीवाला ‘इट्स’ तसा उशिरा आलेला पाहुणा आहे, सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी दिसायला लागला, त्याआधी वस्तूला पण ‘हिज’च म्हणायचे. म्हणजे आपला ‘हरभरा तो’वाला पोरगा तेव्हाच्या इंग्लंडमध्ये पास झाला असता.

परीक्षेत यावर किती प्रश्न येतात?

ठरलेलं नसते. तलाठी भरती 2023 मध्ये 100 प्रश्न अन् 200 मार्क होते, त्यात इंग्रजीचे 25 प्रश्न. सर्वनाम एकटं येत नाही, ‘चूक शोधा’ अन् ‘गाळलेली जागा’ यात लपून येते. माझी पद्धत साधी आहे, वाक्यातल्या प्रत्येक सर्वनामाला गोल करा अन् त्यापासून मागं त्याच्या मालकापर्यंत बाण काढा, बाण कुठं पोचतच नसेल किंवा दोघांकडं जात असेल तर चूक तिथंच आहे. कच्च्या कागदावर करा, ऑनलाइन परीक्षेत स्क्रीनवर बोट फिरवत बसू नका, शेजारचा पाहते.

माणसाला ‘हू’, जनावराला ‘विच’. मग आजोबा अन् बैल दोघं मिळून असले तर?

हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आला होता, नववीतल्या पोरीचा. उत्तर ‘दॅट’. ‘द ओल्ड मॅन अँड हिज बुलक दॅट वेंट पास्ट द टेम्पल वेअर बोथ टायर्ड.’ दोघांनाही चालते. पुढं सर्वनाम लागलं तर ‘दे’, अन् या ‘दे’ला मी लाल गोल करत नाही.